काय करावं आज?

टण्, टण्, डप्. माय, दिवेलागणीला तुझ्या बोटाच्या पेराचा हा आवाज मला अजून ऐकू येतो. फळीवर पत्र्याचे सात डबे रांगेत, आणि तू बोट वाकवून एकेकावर टकटक करत जायचीस. झाकण उघडायची नाहीस. रिकामा डबा खणखणायचा, भरलेला दबून बोलायचा, आणि त्यावरून रात्रीचं जेवण ठरायचं. मी बाहेर ओट्यावर पाठ्यपुस्तक घेऊन चंद्राच्या, पाखरांच्या कविता चालीवर म्हणत बसलेला. तुझ्या टकटकीत मला लघु-गुरू ऐकू यायचे, डाळ-तांदूळ कधीच नाहीत. ते ऐकू यायचे धाकट्याला. चुलीपाशी उकिडवा बसलेल्या त्याला तू रोज विचारायचीस, "काय करावं रे आज?" आणि तिसरीत दोनदा बसलेला हा माझा भाऊ मोठ्या माणसासारखा सांगायचा, "कण्या शिजव माय. ताक हाये, अन् सकायची मिरची उरली." एकदा मी आत येऊन म्हटलं, "मले काऊन नाही विचारत?" तू भाकर थापता थापता हसलीस. "तुले काय विचारू बाप्पा? तू तं चांदोबा शिजवशीन."

तू कौतुकानंच म्हणाली असशील. पण ते वाक्य मी आयुष्यभर जपलं, पायात मोडलेला काटा जपावा तसं. मी मास्तर झालो, चिखलीत घर बांधलं, पोरांना चाली लावून कविता शिकवल्या. तू गेल्यावर धाकटा गावी, दुसरबीडला, तुझी चूल आणि तुझे डबे घेऊन राहिला. मला वाटलं, संपलं. कुठलं संपतंय! आता सूनबाई कामावरून येते, फ्रिज उघडते आणि मी समोर खुर्चीत बसलेला असताना फोन लावते. कोणाला? त्याला. "काका, चार भाकरी उरल्यात, वाटीभर वरण आहे, अर्धी कोबी आहे. काय करू?" तिकडून तो, आमचा फ्रिज जन्मात न पाहिलेला माणूस, म्हणतो, "भाकरी कुस्कर, कुटके कर. लसूण जास्त टाक. वरणात मुंगवड्या सोड. कोबी उद्याले राहू दे, ते कुठं पयून चालली?" सूनबाई हसते. एकदा तर तिनं स्टीलच्या डब्यावर बोट वाजवून फोन जवळ नेला. "ऐका काका, किती असेल?" तो म्हणाला, "दोन टाइमचं हाये." झाकण काढलं तर खरंच तेवढंच.

मग मी माझी विद्या काढली. शाळेत तासिकांचं लावायचो तसं जेवणाचं वेळापत्रक केलं, तांबड्या-निळ्या शाईत, आणि फ्रिजला चिकटवलं. सोमवार पालक, मंगळवार मसूर, बुधवार भरली वांगी. सूनबाईला म्हटलं, "आता काकांना फोन करायचा नाही. घरात मी आहे ना?" ती "बरं बाबा" म्हणाली आणि खरंच थांबली. बुधवारी मी पिशवी घेऊन बाजारातून वांगी आणली, कारण कागदावर वांगी होती. संध्याकाळी तिनं पातेलं माझ्यासमोर ठेवलं. "बाबा, मंगळवारची मसूर आंबली. भाकरीला बुरशी आली." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. घरात काय आहे हे मी घराला विचारलंच नव्हतं. आज गुरुवार. तिच्या येण्याआधी सगळे डबे वाजवून पाहिले. एकही बोलला नाही. शेवटी सगळी झाकणं काढून ठेवली आणि हा कागद पुढे ओढला.

कारण वाजवताना तो डबा आठवला. मामा मुक्कामाला येणार होता ती संध्याकाळ. तुरीच्या डाळीचा डबा रिकामा होता. दुपारी तू नदीवर गेलीस तेव्हा मी चुलीतली गार राख त्यात अर्ध्यापर्यंत भरली. संध्याकाळी तुझे हात पिठात होते, म्हणून धाकट्यानं वाजवलं. "दाळ हाये माय, अर्धा डबा." तू वरणासाठी आधण ठेवलंस, झाकण काढलंस, आणि पिठाच्याच हातानं त्याच्या गालात दिलीस. "मस्करी करतं का बे, पाव्हणा दारात असताना?" तो रडला नाही, डब्यात पाहत राहिला. तू कण्या शिजवल्यास, वर ताकाची कढी. मामा बोटं चाटत जेवला. मीही दोनदा घेतलं. त्या दिवसापासून तू कोणालाच विचारलं नाहीस. स्वतः वाजवायचीस, स्वतः ठरवायचीस. मला हवं होतं की तू मला विचारावंस. मी तो प्रश्नच घरातून घालवला. आणि या आठवड्यात पुन्हा तेच केलं.

दार वाजतंय. सूनबाईकडे किल्ली असते, ती वाजवत नाही.

धाकटा आलाय, माय. एस.टी.नं, हातात डाळीचं गाठोडं. दारातूनच म्हणाला, "तीन दिस झाले, सूनबाईचा फोन नाही. मले वाटलं दादाले काही झालं." मी म्हटलं, "तू लावायचा होता." तर म्हणतो, "विचारल्याबिगर मी काय सांगू?" मग टेबलाकडे पाहून, "कविता लिहून राह्यला का?" मी हो म्हटलं. तो हातपाय धुतोय तेवढ्यात हे लिहितो आहे. उघडी झाकणं त्यानं पाहिली आहेत. न्हाणीतून आता विचारतो आहे, "मंग, काय करावं दादा आज?"

माय, प्रश्न शेवटी माझ्याकडे आला. आधी त्याला त्या राखेचं सांगावं म्हणतो.