बाबांचा जप

प्रिय बाबा,

हाताचं ग्रीस अजून निघालेलं नाही. आज दुपारी जे झालं ते आईला सांगायची हिंमत होत नाही, म्हणून तुम्हाला लिहितेय. तुम्ही असता तर आधी ओरडला असता, ठाऊक आहे मला!

तुमच्या निळ्या गाडीचं पुढचं चाक घुरघुरत होतं, ब्रेक लावला की स्टिअरिंग थडथडायचं. आणि उद्या आईला मावशीकडे नागपूरला न्यायचंय. आई म्हणाली, "मेकॅनिकले देऊन टाक ना, पोट्टी." मी म्हटलं, "मग बाबांच्या पान्यांचं काय लोणचं घालू?"

चाकाचं नवं बेअरिंग बीरगावच्या वर्कशॉपमधून, हायड्रॉलिक प्रेसवर दाबून बसवून आणलं. ब्रेकच्या डिस्क बदलल्या. नवे जाड पॅड मावावेत म्हणून, पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरचे पिस्टन मागे रेटले. नट तुम्ही शिकवलंत तसे समोरासमोरचे आवळले. चाक धरून हलवलं, जराही ढिलं नाही. अशी ऐट आली मला, काय सांगू!

मग आई लिंबू घेऊन फाटकाबाहेर, उताराच्या पायथ्याशी गेली. "हळूच येऊ दे, मी टायरसमोर लिंबू ठेवून राहिली," म्हणाली. मी हँडब्रेक सोडला. गाडी घरंगळली. ब्रेक दाबला, तर पॅडल थेट तळाला टेकलं!

बाबा, पायाखाली काहीच नव्हतं हो. समोर आई, वाकलेली. हँडब्रेक सुचला नाही, हॉर्न सुचला नाही. तुम्ही आठवलात. ब्रेकचं काम झालं की गाडीत एकटे बसून, डोळे मिटून, पॅडल दाबत राहायचात. आम्ही 'बाबांचा जप' म्हणून हसायचो. मी वेड्यासारखी पॅडलवर पाय मारत सुटले. ते वर आलं, घट्ट झालं, गाडी थांबली. बंपर आईच्या पदराला टेकला होता.

"अवं, लिंबू चिरडायचं होतं, मले नाही!" आई हसत म्हणाली. तिला वाटलं, मी मस्करी केली. मीही हसले. हँडब्रेक मात्र आधी ओढून घेतला.

मागे रेटलेले पिस्टन पॅडल मारून पुन्हा पॅडला टेकेपर्यंत पुढे आणायचे, एवढाच होता ना तुमचा जप? एकदा विचारलंही होतं मी, "बाबा, काहून दाबून राहिले?" तर तुम्ही म्हणालात, "अवं, गाडीशी बोलून राहिलो." काय बोलत होतात ते सांगायला काय झालं होतं? नट आवळायला शिकवलंत, पाने ओळखायला शिकवलंत, आणि नेमकं हेच तुमच्याबरोबर घेऊन गेलात! फार राग आलाय तुमचा. तुम्ही इथे हवे होतात.

उद्या निघण्याआधी आईला शेजारी बसवीन आणि आज काय झालं ते खरं खरं सांगेन. मग तिच्यासमोर पॅडल दाबेन, चांगलं घट्ट लागेपर्यंत. का दाबतेय तेही सांगेन, बाबा, अगदी मोठ्यानं.

तुमच्यावर रुसलेली,
चिमी