कानबाईच्या जागी गौर

नाना,

तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. मी नोकरीतून निवृत्त झाले, माझा राग झाला नाही. परवा धुळ्यात एका वक्त्यानं तुम्हाला 'लेखक घडवणारा संपादक' म्हटलं आणि मी भर सभेतून उठून आले.

आईवर लिहिलेली माझी पहिली कादंबरी घेऊन मी एसटीनं जळगावला, मेहरूणच्या तुमच्या घरी आले होते. चहा विचारण्याआधीच तुम्ही पहिली चाळीस पानं काढून बाजूला ठेवलीत. "हे तुमचं कॉन्व्हेंट झालं. यात आई कुठाय, बाई?" परतताना मी एसटीत रडले, पण ते बरोबर होतं. मग तुम्ही महिनाभर माझ्या वाक्यांवर रंधा मारलात. "इंग्रजीत धुता आणि मराठीत वाळत घालता," म्हणालात. तेही सोसलं. पात्रांची वयं जुळवलीत, शिरपूरच्या गाडीची वेळसुद्धा स्टँडवर जाऊन विचारून आलात. तिथेच थांबला असतात तर मीही परवा टाळ्या वाजवल्या असत्या.

पण तुम्हाला वाचकाची वकिली करायची होती. आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते. त्या देवीच्या नैवेद्याचे रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला कणभरही द्यायचे नाहीत. भाऊबंदांनी वाळीत टाकलेल्या जावेला आईनं सगळ्यांदेखत रोट वाढला, त्यावर माझी अख्खी कादंबरी उभी होती. तुम्ही कानबाईच्या जागी गौर बसवलीत आणि रोटाची पुरणपोळी केलीत. "पुण्याच्या वाचकाला कानबाई काय कळणार?" अहो, पुरणपोळी कुणालाही वाढतात! मग माझ्या आईनं धाडस ते काय केलं?

छापलेलं पुस्तक घेऊन मी गावी गेले. आईला वाचता येत नव्हतं. ती लसूण सोलतेय, मी वाचून दाखवतेय. गौर येते आणि तिचे हात थांबतात.

"हाई कोना घरनी गोट शे, बेटा?"

"तुझीच गोष्ट, माय."

"मन्ही नई."

ती पुन्हा लसूण सोलायला लागते. पुढे वर्षभरानं ती गेली, तोवर तिनं त्या पुस्तकाचा विषय काढला नाही.

तुम्ही हयात असतात तरी हे पत्र मी पेटीत टाकलं नसतं. शेवटची प्रुफं आठ दिवस माझ्याकडे होती, हे तुम्हाला ठाऊक होतं. गौर मी वाचली होती. माझ्या कॉन्व्हेंटमधल्या मैत्रिणींना ती आवडेल, असं मला वाटलं होतं.