चौतीसची कंबर

३ मार्च
चौथं सिटिंग झालं. अजून अकरा. हात डोक्यावर घेऊन टेबलावर पडायचं, श्वास सोडायचा आणि तिथेच थांबायचं — श्वासाबरोबर यकृत वरखाली होतं म्हणे. अजिबात हलायचं नाही. चाळीस वर्षं माप घेताना मी गिऱ्हाइकांना हेच सांगत आलो. आता माझी पाळी.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं — साधे किरण आरपार जातात, हे प्रोटॉनचे कण यकृतातल्या गाठीपर्यंत जाऊन तिथेच थांबतात. म्हणजे सुई कापडातून गेली, पण अस्तराला लागली नाही. एवढं पटलं आणि मी सही केली.

नर्सने वजन विचारलं. काट्यापाशी गर्दी होती, मी जुनंच सांगून टाकलं. पँटी तशाच बसतायत, काटा कशाला हवा?

४ मार्च
पोटावर दवाखान्यात काढलेली रेघ आरशात पाहिली. उजवीकडे दोन सूत खाली! असल्या रेघेवर मी पायजमासुद्धा कापला नसता. पेन घेतलं आणि सरळ केली.

५ मार्च
आज फार वेळ लागला. मशीनवरच्या बाई दोनदा आत आल्या, मला सरकवून गेल्या.

घरी आल्यापासून येरझाऱ्या चालू आहेत. माझ्या शहाणपणामुळे कण गाठ सोडून आतड्यात गेले असतील तर? ही काज करत बसली होती. "अहो, टेका की जरा. फरशी झिजेल." उगाच खेकसलो हिच्यावर. भीती वाटतेय, आणि सांगायची लाज वाटतेय.

६ मार्च
बाईंना सांगून टाकलं. त्या हसल्या. रेघ फक्त नीट झोपवण्यापुरती. यकृतात धातूचे बारीक दाणे बसवलेत, रोज फोटो काढून त्यावरून नेम धरतात. जीव भांड्यात पडला.

मग त्यांनी नीट पाहिलं आणि हसू गेलं. "काका, आमची रेघ सरळच होती. पोट ओसरलंय तुमचं. बारीक झालात का?"

"छे. चौतीसची कंबर, तशीच आहे."

काट्यावर उभं केलं. महिन्याभरात सहा किलो कमी! काटा बिघडलाय, म्हटलं. पँट शिंप्याशी खोटं बोलत नाही.

७ मार्च
सिटिंग थांबवली. डॉक्टर म्हणाले, वरचं मांस कमी झालं की कण गाठीच्या पुढे जाऊन थांबतात. नवं स्कॅन, नवा हिशोब, आठवडाभर वाट पाहायची. गाठ थांबणार आहे का आठवडाभर? त्यांनी विचारलं, "घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?" मी म्हटलं, नाही. ही खिडकीबाहेर बघत होती.

८ मार्च
नुसता बसून आहे. दुकान उघडलं, बंद केलं.

१० मार्च
ही बाजारात गेली होती. पँट उलटी केली. मागची शिवण दोनदा आत घेतलीय, जुन्या टाक्यांची भोकं अजून दिसतात. चारही पँटींना तसंच. पँटीच्या कंबरेला टेप लावला — बत्तीस. टाके हिचे आहेत.