सावलीचा समान वाटा

३ मार्च, सकाळ.
प्रकल्प मंजूर. विषय: शहरात सावली कोणाच्या वाट्याला येते. झाडं बंगल्यांकडे, ऊन वस्तीकडे, हे कोणालाही दिसतं. पण दिसणं म्हणजे संशोधन नव्हे. प्रमुख मी. मदतीला विभागातल्या ज्युनिअर मॅडम गळ्यात मारल्यात. सारखं ‘लोकांना विचारू या, सर.’ लोकांना कळत असतं तर समाजशास्त्र कशाला लागलं असतं?
संकल्प: उद्यापासून स्वतः वस्तीत जायचं.

५ मार्च.
गेलो नाही. ऊन फार.

९ मार्च.
गेलो. वस्तीच्या बसथांब्याला छप्पर नाही. एक आजी विजेच्या खांबाच्या सावलीत उभ्या होत्या. जवळ जाऊन विचारलं, उष्णतेच्या विषम वितरणाबद्दल आपली धारणा काय? म्हणाल्या, बाळा, जरा सरक, तेवढीच सावली आहे, तीही तू घेतलीस. उद्धट. प्रतिसाद बाद.

१० मार्च.
मॅडम त्याच आजींकडे चहा पिऊन आल्या. याला शिस्त म्हणत नाहीत. त्यांना वस्तीतच राहू दे. तात्त्विक बाजू मी बघतो.

२२ मार्च, दुपार. एसी चालू.
तात्त्विक बाजूवर चिंतन. बायको म्हणते, घोरत होतात. तिच्याशी वाद घालत नाही, तिला वाचनाची सवय नाही.

२ एप्रिल.
मॅडमनी अहवाल आणून दिला. शिफारशी एकदा वाचून घ्या म्हणाल्या. मला शिकवतात. बजावलं, महापालिकेत मी मांडणार, तुम्ही मागे बसायचं. वाचायचं काय त्यात? विषय माझाच.

९ एप्रिल, संध्याकाळ.
सभागृह भरलेलं. वस्तीतले लोकही हजर, कोणी बोलावलं कोण जाणे. सुरुवात दणक्यात केली. पडद्यावरचं खणखणीत वाचत गेलो: वस्तीत झाडं लावावीत. ती वाढेपर्यंत बसथांबा बंगल्यांच्या गल्लीत, सावलीत हलवावा. तिथल्या गाड्या काढाव्यात. पुढे फोटो. डेरेदार झाड, खाली गाडी, मागे फाटकावर नावाची पाटी. माझी.
घाईने म्हणालो, यावर अजून संशोधन हवं. आयुक्त म्हणाले, स्वतःची जागा सोडणारा संशोधक असल्यावर अजून कशाला? मंजूर. टाळ्या. मॅडम टाळ्या वाजवत नव्हत्या, नुसत्या बघत होत्या. ते जास्त लागलं.

१० एप्रिल.
मॅडमविरुद्ध प्राचार्यांकडे तक्रार. विश्वासघात. म्हणाले, अहवाल वाचला नव्हता असं लेखी द्या. विचार करतो म्हटलं.

१२ मे.
थांबा आमच्या फाटकासमोर. गाडी लांबच्या मैदानात भाजतेय. बायको बसने फिरते, खूश आहे, आजींशी ओळखही झालीय. पुढच्या टप्प्याच्या प्रमुख मॅडम. मदतीला मी. आज त्यांनी वस्तीत पाठवलं, लोकांना विचारायला.
थांब्यावर गेलो. बाक भरलेला. कोणी सरकलं नाही. बायकोही.