चंद्रावरच्या शहराला चाल हवी

टोकियो, १२ ऑक्टोबर १९८२

ती. फुमिएताईस,
शिगेओचा सा. नमस्कार. वि. वि.

तू पाठवलेल्या नाशपाती पोचल्या. चार माझ्या वाट्याला आल्या, बाकीच्या चित्रकारांनी रंगाच्या हातांनीच संपवल्या.

आमचा कार्टून सिनेमा झाला एकदाचा. चंद्रावरचं शहर, वर काचेचा घुमट, खाली व्हिएन्नासारखे रस्ते, सोनेरी केसांचा कप्तान. दिग्दर्शक सेगावासाहेबांना सगळं युरोपी हवं होतं. म्हणून तर नवव्या वर्षी मामाबरोबर व्हिएन्नाला गेलेल्या आणि सत्तावीस वर्षांनी परतलेल्या मला त्यांनी संगीताला घेतलं. पार्श्वभूमी कुनिको रंगवते. तिने बिस्किटांच्या डब्यावर बघून चर्च काढलं आणि समोरच्या सज्ज्यांत गाद्या वाळत घातल्या. व्हिएन्नात असं कुणी करत नाही म्हटलं, तर म्हणते, माणसं राहतात म्हटल्यावर गाद्या दमट व्हायच्याच.

शेवटी कप्तान पृथ्वीचा निरोप घेतो, तिथे मी एक जुनी स्कॉटिश चाल मोठ्या वाद्यवृंदात बसवली आहे. मध्यंतरी एका दुकानात ती कानावर पडली, तर बायका हातातल्या वस्तू ठेवून गंभीर चेहऱ्याने बाहेर पडल्या. आपल्या लोकांना संगीताची इतकी जाण असेल असं वाटलं नव्हतं. ध्वनिमुद्रणाच्या वेळी कुनिकोसुद्धा पिशवी आवरू लागली. भारावली असावी.

पहिला खेळ रविवारी कुरायोशीला, तू चालवतेस त्याच थिएटरात. टोकियोच्या आधी लहान गावाला दाखवायचा, हा साहेबांचा रिवाज. जमलं तर मी इथलाच झालो. नाही जमलं तर व्हिएन्नातली जुनी नोकरी आहे. पाच नोव्हेंबरचं तिकीट काढून ठेवलंय. रागावू नकोस.

लोभ आहे तो राहू दे, आणि रविवारी टाळ्या जरा जोरात वाजव.
तुझा शिगेओ

कुरायोशी, १८ ऑक्टोबर

चि. शिगेओस,
अनेक आशीर्वाद.

आधी खाली बस, मग पुढे वाच. सिनेमा लोकांना आवडला. गाद्या बघून पुढच्या रांगेतली न्हाव्याची बायको तर हरखूनच गेली. पण शेवटी तुझी चाल सुरू झाली मात्र, अख्खं थिएटर उठलं. छत्र्या, डबे, पोरं गोळा करून माणसं शिस्तीत रांगेने बाहेर. कप्तान बिचारा अजून हात हलवतोय, आणि आमचा तिकीटवाला दिवे लावून झाडू घेऊन आत.

अरे वेड्या, ती दुकान बंद करायची चाल आहे. दुकान असो की वाचनालय, देशभर तीच लावतात, म्हणजे गिऱ्हाइकाला तोंडाने जा म्हणावं लागत नाही. तू गेलास तेव्हा आपल्या गावात भोंगेच नव्हते, तुला कुठून कळणार?

साहेब एकटेच बसून राहिले होते. त्यांना चहा पाजला, हातापाया पडले. पुढच्या रविवारी पुन्हा खेळ करू म्हणाले.

तिकिटाचं वाचलं. सत्तावीस वर्षं मला टपालाने भाऊ आला. आता पुन्हा तसा नको.

प्रकृतीला जप आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

टोकियो, २१ ऑक्टोबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

सगळ्यांना ठाऊक होतं! कुनिको म्हणते, व्हिएन्नाचा माणूस आहे, त्यात काहीतरी खोल अर्थ असणार असं समजून कुणी बोललं नाही. साहेबांनाही विचारायचा संकोच वाटला.

आता एका बोहेमियन सिंफनीतली संथ चाल घातली आहे. गल्लीतल्या प्रत्येक दुकानात जाऊन विचारलं. कुणीही ती बंद करताना लावत नाही. तेव्हा निर्धास्त राहा.

ओरडलीस तरी आपलं म्हणत जा.
तुझा शिगेओ

कुरायोशी, २५ ऑक्टोबर

चि. शिगेओस, आशीर्वाद.

या खेपेला एकही मोठं माणूस उठलं नाही. मुलं उठली. ती चाल इथे आणि टोकियोतही रोज संध्याकाळी पाचला नगरपालिकेच्या भोंग्यावर वाजते. ती ऐकली की मुलांनी खेळ टाकून घरी जायचं. तू त्या वेळी बंद खोलीत वाजवत बसलेला असतोस. मुलं दाराकडे पळाली, मागे आया, आयांमागे आज्या.

साहेब हसून हसून खुर्चीवरून घसरले. मग डोळे पुसून म्हणाले, आता एकच रविवार, आणि दुसऱ्याची चाल नको. याची स्वतःची एखादी आहे की नाही ते विचारा. तर विचारते. आहे का रे?

पोटाला वेळेवर घाल. बाकी भेटीत, आणि भेट होईलच असं धरून चालते.
तुझी ताई

टोकियो, २८ ऑक्टोबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझा प्रश्न वाचला. आजवर मी दुसऱ्यांचंच वाजवत आलो. रात्रभर कागद फाडले. काल कुनिको रंगवत होती, तिच्या मागे बसून एकदाचं लिहिलं. वाद्यवृंदाला वेळ नाही, एकट्या व्हायोलिनवर मीच वाजवलंय. चांगलं आहे का, ते मला कळत नाही. खरं सांगायचं तर भीती वाटते.

जे होईल ते स्पष्ट कळव. मला सांभाळून घ्यायला म्हणून खोटं लिहू नकोस.
तुझा शिगेओ

कुरायोशी, १ नोव्हेंबर

चि. शिगेओस, आशीर्वाद.

खोटं लिहीत नाही. व्हायोलिन सुरू झालं तेव्हा मी दाराशी उभी होते, कोण उठतं ते बघत. कुणी उठलं नाही. न्हाव्याच्या बायकोने मांडीवरचं पोर थोपटून गप्प केलं. सिनेमा संपला, पडदा पांढरा झाला, तरी माणसं बसलेलीच. या चालीवर काय करायचं असतं, ते त्यांना अजून कुणी शिकवलेलंच नाही ना. पलीकडच्या गावाची शेवटची बस निघून गेली, तेव्हा कुठे खुर्च्या वाजल्या. सतरा माणसांना काल वरच्या माडीवर झोपवलं, सकाळी भात आणि मिसोचं सार घालून बसमध्ये बसवलं.

मी रडले. साहेबांनी पाहिलं. जाताना एवढंच म्हणाले, की पुढचा सिनेमा समुद्राखालचा आहे आणि संगीतकार शोधत हिंडायला आता त्यांना वेळ नाही.

तेव्हा तिकीट परत कर. कुनिकोला माझा आशीर्वाद सांग. आणि या पत्राचं उत्तर टपालात टाकू नकोस, घेऊन ये.
तुझी ताई