ब्रेक दाबला की वाजतो

३ मार्च, मंगळवार

माणसाने किती सोसावं यालाही काही मर्यादा आहे. आज सिग्नलला उभा होतो. शेजारी गाद्या-उशा पोचवणारा टेम्पो येऊन थांबला. त्याच्या आतून असा काही 'धम्म' आला की माझा आरसा थरथरला, डॅशबोर्डवरची चिल्लर नाचली आणि माझं गाणं (माझ्याच गाडीत, माझ्याच पेट्रोलवर चाललेलं) काड्यापेटीत कोंडलेल्या डासासारखं केविलवाणं ऐकू यायला लागलं. वर टेम्पोवाल्याने माझ्याकडे बघून मान हलवली. ती सहानुभूती होती. एका गादीवाहकाची! एवढा अपमान माझा माझ्या लग्नातही झाला नव्हता, आणि तिथे तर अण्णा हजर होते.

अण्णा म्हणजे सासरे. जावई बल्ब बदलायला स्टुलावर चढला की आधी मेन स्विच बंद करणारे आणि मग मुलीच्या हातात कोरडी काठी देऊन ठेवणारे.

ठराव: गाडीत अ‍ॅम्प्लिफायर आणि असा धम्म काढणारा सबवूफर. स्वतः बसवणार. कुणाची मदत नाही.

४ मार्च, बुधवार

खरेदी झाली. अ‍ॅम्प्लिफायर, वायरींचं भेंडोळं आणि बारा इंची सबवूफरचा काळा खोका. दुकानदार म्हणाला, फिटिंग इथेच करून देतो, दोन तासांत मोकळे. मी नुसता हसलो. तेव्हा म्हणाला, साहेब स्वतः करणार? मग चार फ्यूज जास्तीचे टाकतो. भला माणूस. माझ्यातली धमक त्याने ओळखली.

घरी सांगितलं, ऑफर होती. बायकोने विचारलं, कशावर? उत्तर शोधतो आहे.

तिची अट एकच. अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन परवा. शनिवारी, चौदा तारखेला, त्यांना हॉस्पिटलमधून घरी आणायचं. तोवर गाडी धड राहणार नसेल तर ती आत्ताच टॅक्सी सांगून ठेवते. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, अण्णा येतील ते माझ्याच गाडीतून. कन्या म्हणाली, बाबा, लिहून द्या. देणार होतो. पेन सापडलं नाही.

७ मार्च, शनिवार. सकाळ

कामाचा श्रीगणेशा. फोनवरच्या व्हिडिओतले मास्तर फार हळू बोलतात, म्हणून दुप्पट वेगाने बघितला. सगळं कळलं.

पहिली पायरी: बॅटरीपासून जाडी लाल वायर पत्र्यातून आत घ्यायची. समोरच्या फ्लॅटमधल्या गृहस्थांकडून ड्रिल आणलं. यांना मी सल्लागार म्हणतो, कारण न विचारता हजर होतात. ड्रिलच्या मागोमाग चहाचा कप घेऊन स्वतःही आले. म्हणाले, अहो, पत्र्याला रबरी बूच लावलेलं भोक आधीच आहे, त्यातून घ्या की. मी म्हणालो, दुसऱ्याने पाडलेल्या भोकातून जाणारे आम्ही नव्हे.

संध्याकाळ

ड्रिलचा आठ नंबरचा बिट तुटला. बिटची क्वालिटी. वायर बुचाच्या भोकातून घेतली, पण सल्लागार चहा प्यायला वर गेले असताना. सीट काढून परत बसवली. मूठभर क्लिपा उरल्या. कंपनीवाले काटकसर कशी ती करत नाहीत.

८ मार्च, रविवार

एक निळी वायर उरली. अ‍ॅम्प्लिफायर कधी जागा व्हायचा आणि कधी झोपायचा, हे त्याला म्हणे ही वायर सांगते. ती पार पुढे, स्टिरिओच्या मागे जोडायची. त्यासाठी डॅशबोर्ड उघडायला हवा. डॅशबोर्ड उघडायला तयार नव्हता. माझं नख गेलं.

मग डोकं चालवलं. डिकीतच ब्रेकच्या दिव्याची वायर आहे. करंट इथला काय न् तिथला काय! जोडून टाकली.

गाणं लावलं. खोका मुका. तासभर मुका. बायको गॅलरीतून म्हणाली, रुसला का हो? मी दुर्लक्ष केलं. निराश होऊन गाडी मागे घेतली, ब्रेक दाबला.

धम्म!!

कंपाउंडवरची कबुतरं उडाली! सल्लागारांच्या खिडकीची काच बोलली! ब्रेक सोडला, शांत. दाबला, धम्म. सोडला, शांत. मी सुमारे अर्धा तास जागच्या जागी ब्रेक दाबत होतो. इतका आनंद मला कन्या झाली तेव्हा झाला होता. (हे तिला दाखवायचं नाही.)

९ मार्च, सोमवार

ही चूक नाही, ही सोय आहे. ब्रेक मारला की मागच्याला दिसतंही आणि ऐकूही येतं. पेटंट घेता येईल का, बघायचं.

ऑफिसला मुद्दाम तुंबणाऱ्या रस्त्याने गेलो. सिग्नल इतके सुरेख असतात हे आजवर लक्षातच आलं नव्हतं. येताना आमच्या कॅशियरला सोडलं. त्याने विचारलं, हिरव्या सिग्नलला ब्रेक का मारता? म्हटलं, आता ढोलकीचा तुकडा आहे. पुढच्याच वळणावर तो उतरला. त्याचं घर अजून लांब होतं.

१० मार्च, मंगळवार

आज बायको बसली. म्हणाली, गाडी चालवताय की सुपात घालून पाखडताय? अण्णांचा नवा गुडघा हा असा आणायचा? आणि डिकीत हे धूड, वॉकर काय मी डोक्यावर घेऊ? टॅक्सी सांगतेच.

मी शब्द दिला. धक्के शनिवारच्या आत बंद. वॉकर मांडीवर. अण्णा माझ्याच गाडीतून. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या हातचं एक तरी काम धड झालेलं बघायला नको? तिने मोबाइल खाली ठेवला. माझ्यावर विश्वास ठेवला. ठेवताना सुस्कारा टाकला, पण ठेवला.

जिन्यात सल्लागार म्हणाले, ती निळी वायर स्टिरिओच्याच मागून घ्या हं, नाहीतर... पुढचं ऐकलं नाही. मी वरच्या मजल्यावर पोचलो होतो.

१२ मार्च, गुरुवार

फत्ते! डिकीत अशी एक वायर सापडली की जिच्यात करंट कायम असतो. गाडी चालू असो, बंद असो, मरेपर्यंत साथ. निळी वायर तिला जोडली. आता बेस अखंड! तीन चकरा मारल्या. टेम्पो कुठे दिसला नाही, घाबरला असेल.

किल्ली काढल्यावरही अ‍ॅम्प्लिफायरचा छोटा निळा दिवा तेवत राहतो. देखणा दिसतो. सल्लागार म्हणाले, तो विझायला हवा. जळतात मेले.

१३ मार्च, शुक्रवार

आज ऑफिसच्या बसने गेलो. उद्या मोठा दिवस, गाडीला विश्रांती. संध्याकाळी डिकी उघडून निळा दिवा पाहून आलो. जरा मंद वाटला. रंग मुरला असावा.

अण्णांसाठी गाणीही काढून ठेवली. संथ, पण बेसवाली.

१४ मार्च, शनिवार. सकाळ

किल्ली फिरवली. टिक.

परत फिरवली. टिक.

किल्ली पुसून फिरवली. टिकसुद्धा नाही.

कन्येला स्टिअरिंगवर बसवून ढकललं. गाडी फाटकापर्यंत गेली आणि फाटकातच बसली. बायको हातात अण्णांची शाल घेऊन उभी.

तेवढ्यात सल्लागार खाली आले. पायात बूट, हातात स्वतःच्या गाडीची किल्ली. सल्ला दिला नाही. नुसतं म्हणाले, चला वहिनी, तिकडे खोळंबले असतील. त्यांची डिकी अख्खी रिकामी! माणसाला काही छंद असावा की नाही?

मी मागे राहिलो. गाडीची राखण करायला.

दुपार

अण्णा आले. खोका काढून वर आणताना मी दारातच सापडलो. खुर्चीत टेकले, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, जावईबापू, मेन स्विच बंद केला होता ना?

डॉक्टरांनी पाय उंच ठेवायला सांगितलंय. स्टूल उंच झालं. उशा दबल्या. बायकोने खोलीभर नजर फिरवली आणि ती माझ्या हातातल्या खोक्यावर थांबली. खोका खुर्चीपुढे ठेवला, वर एक उशी, तिच्यावर पाय. मापात!

अण्णा म्हणाले, तुम्ही बसवलेली ही पहिलीच वस्तू बरं का, जी बसली.

बायको हसली. चार तारखेपासून पहिल्यांदा.

१५ मार्च, रविवार

सल्लागारांनी बॅटरी चार्ज करून दिली. वायरी काढल्या. गाडीत पुन्हा डास.

बाजारात जाऊन आठ नंबरचा बिट आणला. ड्रिलच्या पेटीतल्या रिकाम्या खाचेत ठेवला. पहिल्याच प्रयत्नात बसला. पेटी समोरच्या दाराशी ठेवली. बेल वाजवली नाही.