सुकाणूला हात

काळूमामा,

दोन हंगाम तू मला होडीवर नुसती जाळी धुवायला लावलीस. "सुकाणूला हात न्हाय लावायचा!" म्हणून मी चिडून आपलं थळ गाव सोडलं, कॉम्प्युटर शिकलो.

माझा एक छोटा प्रोग्राम इंटरनेटवर फुकट आहे, तो सुधारायला कुणीही मदत करू शकतं. हजारो कंपन्या तो न तपासता आपल्या कामात जोडतात. एक अनोळखी माणूस तीन महिने गोड बोलून मदत करत होता. मी त्याला प्रोग्राम बदलायचा हक्क दिला, आणि पठ्ठ्याने त्यात पासवर्ड चोरणारा कोड घुसवला! तासाभरात माझ्या लक्षात आलं म्हणून वाचलो.

हे पत्र पाठवणार नाही. नाहीतर तू धक्क्यावर सगळ्यांना वाचून दाखवशील.

आता ब्राझीलचा एक जण मदतीला आलाय, तोच हक्क मागतो. मी लिहिलं, "आधी दोन हंगाम जाळी धू."

बिचारा विचारतोय, जाळी कुठे आहेत?

तुझा उशिरा शहाणा झालेला भाचा,
दिपेश